सपाट रस्त्याचं निसर्गचित्र: रस्ता त्रिकोणासारखा उभा का दिसतो?

कोथरूडची_वही

नमस्कार मंडळी. एका व्हॅनिशिंग पॉइंटचं, म्हणजे लांब जाणाऱ्या रेघा जिथे एकत्र येतात त्या एकाच बिंदूचं, साधं निसर्गचित्र शिकते आहे. विषय सिंहगडाकडे जाणारा सपाट रस्ता: उजवीकडे झाडांची रांग, मागे गड. ए-थ्री कागद आडवा, क्षितिजरेषा तळापासून १५ सेंमीवर, बिंदू बरोबर मधोमध, रस्ता तळाशी ८ सेंमी रुंद.

रस्ता जमिनीवर पसरलेला वाटतच नाही, कागदावर त्रिकोण उभा केल्यासारखा दिसतो. झाडं लांब जाताना लहान केली, तरी रांग खोटी वाटते. क्षितिजरेषा डोंगराच्या माथ्यावरून घेतली आहे, कारण आभाळ तिथेच टेकतं. नेमकं कुठे चुकतंय?

पेन्सिलपेटी

ताई, मूळ चूक तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. क्षितिजरेषा म्हणजे आभाळ टेकलेलं दिसतं ती रेघ नव्हे, ती तुमच्या डोळ्यांची पातळी. समुद्रकिनारी दोन्ही एकाच जागी दिसतात, म्हणून गल्लत होते. पुण्यात चहूकडे टेकड्या, त्यामुळे खरी क्षितिजरेषा बहुतेक वेळा डोंगराच्या पायथ्याशी, झाडीमागे लपलेली असते. शोधायची असेल तर वही डोळ्यांसमोर आडवी धरून वरखाली करा. वरचं पुठ्ठं दिसतंय म्हणजे वही पातळीच्या खाली आहे, खालचं दिसतंय म्हणजे वर. दोन्ही दिसेनाशी होऊन नुसती कड उरली, की त्या कडेच्या रेषेत समोरचं जे येईल तिथे तुमची क्षितिजरेषा.

आता रस्ता. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ५ फुटांवर असतात. त्यामुळे सपाट जमिनीवर जवळ असो की लांब, कुठल्याही जागेपासून क्षितिजरेषेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे ५ फूट. हे एक माप हातात आलं की त्या जागेवरचं बाकी सगळं मोजता येतं. तुमच्या कागदावर तळाशी १५ सेंमी म्हणजे ५ फूट, मग ८ सेंमीचा रस्ता झाला फक्त २ फूट ८ इंचांचा. ती पायवाट झाली! डोळ्याला हा हिशेब शब्दांत मांडता येत नाही, पण चूक लगेच कळते आणि रस्ता उभा वाटायला लागतो.

नव्याने असं करा. क्षितिजरेषा तळापासून १० सेंमीवर, एचबी पेन्सिलीने अगदी हलकी. म्हणजे तळाशी २ सेंमी = १ फूट. व्हॅनिशिंग पॉइंट डाव्या कडेपासून २४ सेंमीवर ठेवा. बरोबर मध्यावर, २१ वर, ठेवला तर चित्र ताठ होतं. फार कडेलाही नेऊ नका, नाहीतर विरुद्ध बाजूच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. रस्ता १५ फुटी धरला तर तळाशी ३० सेंमी: डावीकडून ६ आणि ३६ सेंमीवर खुणा करा आणि दोन्ही खुणांपासून पॉइंटपर्यंत पट्टीने रेघा ओढा. रस्ता लगेच आडवा पडेल.

रस्त्यावर तुमच्याच उंचीची माणसं काढायची असतील तर सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतील. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. व्हॅनिशिंग पॉइंटची ही रीत १४३५ मध्ये लिहून ठेवणाऱ्या इटलीतल्या अल्बर्टीनेही बिंदूची उंची चित्रातल्या माणसाच्या उंचीवरूनच ठरवली होती.

टेकडीवरून

वरच्या उत्तरात एक भर. पॉइंटकडे फक्त त्याच रेघा जातात ज्या आपल्यापासून सरळ लांब जातात: रस्त्याच्या कडा, कुंपणाच्या तारा, घराच्या बाजूच्या भिंतीची वरची-खालची कड. घराची समोरची भिंत आडवीच राहते, तिच्या रेघा कागदाच्या तळाला समांतर. खांब उभेच. हौसेने सगळ्याच रेघा पॉइंटला नेल्या की घर पंख्यासारखं पसरतं.

रस्ता चढाचा असेल तर चढाच्या भागाचा पॉइंट क्षितिजरेषेवर नसतो. मूळ पॉइंटच्या बरोबर वर, त्याच उभ्या रेषेत असतो. उताराचा तसाच खाली. जिथे चढ सुरू होतो तिथे कडांना बाक येतो, तो काढायला विसरू नका. वळण असेल तर वळणानंतरच्या तुकड्याला क्षितिजरेषेवरच डावी-उजवीकडे नवा पॉइंट घ्यावा लागतो. सुरुवातीला वळण टाळलेलं बरं.

आणि पर्वतीच्या पायऱ्या चढून वरून शहर काढायचं असेल, तर आपल्याबरोबर क्षितिजरेषाही वर येते. ती तळापासून २० सेंमीवर घेतली तर खालची छपरं सगळी तिच्या खाली मावतात आणि छपरांचे वरचे भाग दिसतात. सिंहगड पर्वतीपेक्षा बराच उंच, त्यामुळे त्याचा माथा तिथूनही रेषेच्या वरच येतो.

कोथरूडची_वही

रस्ता पडला! फरक खरंच खूप आहे. आता झाडं. मी प्रत्येक झाड आधीच्या निम्मं करत होते आणि मधलं अंतर सगळीकडे २ सेंमी.

कंपासवाले

दोन्ही चूक, पण दुरुस्ती सोपी आहे. झाडाआधी खांब समजून काढा. उजव्या कडेच्या रेघेवर, तळापासून ५ सेंमीवर पहिला खांब रोवा. पेन्सिलपेटींच्या मापांनी ती जागा डावीकडून बरोबर ३० सेंमीवर येते. तिथून क्षितिजरेषा ५ सेंमी वर, म्हणजे तिथे १ सेंमी = १ फूट. २० फुटी झाड २० सेंमीचं, शेंडा तळापासून २५ वर. कागद २९.७ सेंमी उंच आहे, आरामात बसतं.

खांबाचा शेंडा, मध्य आणि बुंधा, तिन्हींपासून पॉइंटपर्यंत हलक्या रेघा ओढा. दुसरा खांब डोळ्याला बरा वाटेल तिथे, समजा डावीकडून २८ सेंमीवर. एवढाच निर्णय तुमच्या हातात. पुढचे खांब भूमितीच ठरवते. पहिल्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून तिरकी रेघ खाली आणा. ती बुंध्यांच्या रेघेला जिथे छेदते तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याचा शेंडा, तिसऱ्याचा मध्य, आणि चौथा. खांब येतील २७, २६.४ आणि २६ सेंमीवर. म्हणजे अंतरं २, १, ०.६ आणि ०.४ सेंमी. उंची २०, १३.३, १०, ८, ६.७. बघा, निम्मं फक्त तिसऱ्या खांबापाशी झालं. सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू लहान होणं हेच रांग खरी वाटायचं कारण.

तिसऱ्या-चौथ्यापुढे रेघा एकमेकींवर येतात, पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर चूक साठत जाते. पाच खांबांनंतर नुसता झाडीचा पट्टा करा. खांब झाले की त्यांच्याभोवती झाडं. शेंडे रेघेच्या थोडे वर-खाली असू द्या, सगळे रेघेवर आणले तर कुंपण दिसेल.

पेन्सिलपेटी

छटांचं राहिलं होतं. जवळच्या झाडांना ४बी, मधल्यांना २बी, गडाला एचबीचा हलका हात आणि बाहेरची गडद रेघ अजिबात नाही. गडाला काळी कड दिली की तो पहिल्या झाडाच्या शेजारी येऊन उभा राहतो. जलरंगात गडासाठी हिरव्यात बराच निळा आणि भरपूर पाणी. ढगही पॉइंटकडे जाताना लहान आणि चपटे होतात.

सावल्यांसाठी सूर्य बरोबर उजव्या बाजूला, साधारण ४५ अंशांवर धरा. मग सावल्या कागदाच्या तळाला समांतर पडतात आणि प्रत्येकीची लांबी झाडाच्या उंचीइतकी. पहिल्या झाडाची २० सेंमी, म्हणजे तिथला १५ सेंमीचा रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात जाईल. या आडव्या पट्ट्यांनी रस्ता आणखी सपाट दिसतो. आखणीच्या रेघा त्याआधीच खोडा. नंतर खोडायला गेलात तर छटा फासते.