साठेखत (पुढे विकायचा करार) झालंय पण मालक खरेदी देत नाही, दाव्यात काय काय मागायचं?

सातारची लेक:
नमस्कार. बाबांनी साताऱ्याजवळ एनए (बिगरशेती) प्लॉट घ्यायचा ठरवला, २६ लाख ठरले, ८ लाख विसार (आगाऊ रक्कम) चेकने दिला, साठेखत रजिस्टर केलं आणि खरेदीची मुदत होती ३० जून २०२४. आमचे बाकीचे पैसे तयार होते पण मालक आज मोजणी, उद्या मुलाचं लग्न असं करत राहिला आणि आता भाव चढल्यावर म्हणतो साठेखतात लिहिलंय ना करार मोडला तर दुप्पट विसार, तो घ्या नि विषय संपवा. बाबांना प्लॉटच हवाय, तिथे घर बांधायचं म्हणून किती वर्षं साठवलेत पैसे. कोर्ट त्याला खरेदी द्यायला लावू शकतं का, की पैशावरच भागवायचं? आणि मध्येच त्याने दुसऱ्याला विकला तर?

दिवाणी वकील:
ताई, दुप्पट विसाराच्या कलमाला घाबरू नका. ती अट बहुतेक वेळा करार पाळला जावा म्हणून धाक असतो, पैसे टाकून सुटायची मुभा नसते, तसं असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २३ प्रमाणे खरेदीखताचा हुकूम मिळायला ती आड येत नाही (साठेखतातली भाषा मात्र वकिलाकडून नीट वाचून घ्या). १ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदललाय, आधी असा हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं कोर्टाच्या मर्जीवर असायचं, आता कायद्यातले अपवाद सोडले तर द्यावाच लागतो.
पण तुमची बाजू तयार होती हे तुम्हालाच सिद्ध करायचंय. बाकीचे १८ लाख कुठे होते, एफडीत की लोन मंजूर होतं, ते कागद काढा. वकिलामार्फत नोटीस पाठवा, पैसे तयार आहेत, अमुक तारखेला सब रजिस्ट्रारकडे या असं स्पष्ट लिहून. आणि मुदत लक्षात ठेवा, करारात तारीख ठरलेली आहे त्यामुळे त्या तारखेपासून ३ वर्षं. मालक गोड बोलतोय म्हणून ती थांबत नाही.

जुना पक्षकार:
माझा अनुभव सांगतो कारण असंच होऊन बसलं होतं. आम्ही दाव्यात फक्त खरेदीखत मागितलं, विसार परत द्या असं पर्यायी मागितलंच नाही, आणि न मागता कोर्ट ते देत नाही. नशीब की दावा चालू असताना दुरुस्ती अर्ज देऊन ती मागणी घालता येते पण त्यात तारखांवर तारखा गेल्या. म्हणून पहिल्याच दाव्यात सगळं लिहा, खरेदीखत, ताबा, ते नाहीच झालं तर विसार व्याजासकट परत आणि नुकसानभरपाई. आणि विसाराच्या रकमेचा त्या प्लॉटवर बोजा (म्हणजे प्लॉटमधून ती रक्कम वसूल करायचा हक्क) आहे असंही मागा, मालमत्ता हस्तांतरण कायद्यात खरेदीदाराला तो हक्क आहे. आमच्या वकिलांना हे उशिरा सुचलं.

कराडचा:
दुसऱ्याला विकण्याबद्दल. दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत प्लॉट विकू नये असा तात्पुरता हुकूम) अर्ज द्या, कोर्ट बघतं की प्रथमदर्शनी केस आहे का, गैरसोय कुणाची जास्त होईल आणि नंतर भरून न येणारं नुकसान होईल का. पण त्यावरच विसंबू नका. दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील असते हे बरोबर, मात्र आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी दावा दाखल झाल्याची नोटीस सब रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते, म्हणजे लिस पेंडन्स. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि नोंदवलं नाही की नवा घेणारा म्हणतो मला काय माहीत. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात करून टाका.

सातारची लेक:
खूप आभार सगळ्यांचे. बाबांचं एफडीचं स्टेटमेंट आहे, मार्च २०२४ पासून १९ लाख पडून आहेत. नोटीस या आठवड्यात पाठवतोय. कोर्ट फी किती लागेल?

दिवाणी वकील:
ठरलेल्या किमतीवर, म्हणजे २६ लाखांवर, नुसत्या विसारावर नाही. आणि मध्येच लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते. ती एफडी मात्र दावा संपेपर्यंत मोडू नका हो, तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.