मदत हवी आहे: वरचा नंबर नसलेली शंभराची नोट खरी मिसप्रिंट आहे की पुसलेली?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, मानेवाड्याकडे राहतो. मिसप्रिंट नोटा जमवतो, पण संग्रह अगदी लहान आहे. दहाची एक बटरफ्लाय आहे, म्हणजे कोपऱ्याला जास्तीचा कागद लटकलेली. वीसची एक आहे, तिचे दोन्ही नंबर खाली घसरलेले. आणि पन्नासची एक जुनी, पुढच्या छपाईचा उलटा ठसा मागे उमटलेली. तिन्ही एकतर गल्ल्यात आल्या किंवा ओळखीच्या कॅशियरकाकांनी कोऱ्या गड्डीतून काढून दिल्या. पैसे दर्शनी किमतीएवढेच गेले, त्यामुळे खरं-खोटं तपासायची वेळच आली नव्हती.

आता आली आहे. इतवारीतल्या एका विक्रेत्याकडे जांभळी शंभराची नोट आहे, मागे राणी की वाव असलेली. खाली उजवीकडचा नंबर ठसठशीत, वर डावीकडची जागा कोरी. साडेचार हजार मागतो. "भाऊ, रविवारपर्यंत ठेवतो, नंतर पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे," असं सांगून राहिला. असलं पुण्याचं गिऱ्हाईक प्रत्येक विक्रेत्याकडे असतंच म्हणा, पण नोट हातातून जाईल अशी धाकधूक आहेच.

नोट करकरीत आहे, मधे एक हलकी उभी घडी. गांधीजींवरून बोट फिरवलं तर उठाव लागतो, तारही बरोबर आहे. म्हणजे नोट नकली नाही. पण नंबर छापलाच गेला नाही की नंतर उडवला, हे कसं ओळखायचं? विक्रेता नोट घरी नेऊ देत नाही, दुकानात बसून हवं तितकं बघा म्हणतो. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेत नेऊन दाखवली तर ते सांगतील का? की उलट जप्त करतील?

जुनी_गड्डी:
साडेचार हजारांचं नंतर बघू. आधी ही चूक मशीनवर नेमकी कुठे झाली असेल ते सांगता येतं का पाहा. खरी मिसप्रिंट छपाईच्या कुठल्या तरी टप्प्याशी जुळतेच. मोठ्या शीटवर आधी दोन्ही बाजूंची फिकट पार्श्वभूमी ऑफसेटने येते, मग उठावाची इंटाग्लिओ छपाई, मग नंबर, शेवटी कटिंग. तुमची बटरफ्लाय कटिंगची पोर आहे: शीटचा कोपरा दुमडलेला राहिला, ब्लेड त्याला चुकलं आणि जास्तीचा कागद नोटेला लटकून आला. पन्नासच्या वेळी मधे एक शीट यायचं राहिलं असणार. शाई सिलिंडरवर बसली आणि पुढच्या शीटच्या पाठीवर उतरली, म्हणून ठसा उलटा.

आता तुमची शंभराची. दोन्ही नंबर एकाच फेरीत छापले जातात, पण ते छापणारे अंकांचे ठोकळे, म्हणजे नंबरिंग बॉक्स, वेगवेगळे असतात. त्यामुळे एक येणं आणि एक न येणं अशक्य नाही. कागद दुमडलेला असेल तर नंबर दुमडीच्या पाठीवर छापला जातो आणि दुमडीची रेघ राहते. मधे कागदाचा कपटा आला असेल तर नंबर सहसा कपट्याच्या कडेपाशी सरळ रेषेत तुटतो. शाई कमी पडली तर अंक फिकट होत गेलेले दिसतात. अक्षरं-अंक मिळून नऊच्या नऊ खुणा साफ गायब, आजूबाजूला कसलाच मागमूस नाही आणि दुसरा नंबर मात्र ठणठणीत. असं असलं की मी तरी आधी संशय घेतो.

दुकानातच बघायच्या गोष्टी सांगतो. मोबाइलचा टॉर्च नोटेला जवळजवळ समांतर धरा. नंबर दाबाने छापतात, त्यामुळे कागदात बारीक खोलगटपणा राहतो. शाई उडवली तरी तो बऱ्याचदा उरतो. मात्र बॉक्सला शाईच लागली नसेल तरी कोरा दाब येऊ शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. खरा निकाल यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, दिव्याखाली. नंबरची शाई यूव्हीत चमकते. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी पुसलेल्या नंबरचे अवशेष तिथे भुतासारखे उठतात. दुसरं म्हणजे नोटेचा कागद कापसाचा, यूव्हीत तो मंद राहतो. पुसलेली जागा निळसर उजळली तर साबण किंवा रसायन लागलंय समजा. भिंगातून कागदाचे तंतू उभे राहिलेत का, नंबराभोवतीची फिकट छपाई तेवढ्याच भागात विरळ झाली आहे का, तेही बघा. आणि खिशातली साधी शंभराची शेजारी ठेवून बघा. नुसत्या आठवणीवर तुलना करू नका.

सावजी_तर्री:
राजेहो, माझ्याकडे नंबरात चांदणी असलेली पाचशेची आहे. चांदणी चुकून छापली म्हणते जग. लाखभर भेटतील काय?

जुनी_गड्डी:
पाचशेच भेटतील दादा. ती स्टार नोट. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी गड्डीत घालतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत 2006 पासून आणि पाचशेत 2016 च्या शेवटी आली. ती चूक नव्हेच, उलट चूक सुधारल्याची खूण. 2023 मध्ये या नोटा खोट्या असल्याची अफवा पसरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला त्या वैध असल्याचा खुलासा करावा लागला होता.

कॅश_काउंटर:
बँकेत नोकरी केली आहे, म्हणून रिझर्व्ह बँक नोट जप्त करेल का, या प्रश्नाचं मी सांगते. जप्त होते ती नकली नोट. तिच्यावर शिक्का मारून पावती देतात. खऱ्या नोटेत छपाईची चूक असेल तर ती जप्त करत नाहीत, फार तर दर्शनी किमतीत बदलून देतील. पण मुद्दाम फेरफार केलेली नोट बदलून मिळायचीही खात्री नाही. संग्राहकांसाठी अस्सलपणाचा दाखला देणं किंवा भाव सांगणं हे काही रिझर्व्ह बँकेचं काम नाही. जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं त्यांनी ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलेलं आहे. कोणी त्यांच्या नावाने 'नोंदणी फी' मागितली तर फोन ठेवून द्यावा.

त्या दुकानात नोटबंदीत रद्द झालेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या मिसप्रिंटही दाखवतील, तेव्हा एक लक्षात असू द्या. 2017 च्या कायद्याने त्या नोटा एकूण दहापर्यंतच जवळ ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत. वर गेलात तर दहा हजार किंवा रकमेच्या पाचपट, यातला जो जास्त तो दंड.

मूळ धागाकर्ता:
मंडळी, जाऊन आलो. विक्रेत्याकडे यूव्ही दिवा 'बिघडलेला' निघाला! शेजारच्या कापडवाल्याकडून नोटा तपासायची मशीन मागून आणली. निळ्या उजेडात डावीकडे एक अक्षर आणि शेवटचे दोन अंक पुसट पण वाचता येण्याइतके चमकले. ते खालच्या नंबराशी जुळतात. सभोवती फिकट निळा डागही आहे. विक्रेता म्हणे, "दिव्याची चमक आहे ती." मग माझी साधी नोट त्याच मशीनखाली धरली, तिच्यावर डाग नाही. नोट सोडून दिली.

आता वेगळंच विचारायचं आहे. त्याच्याकडे दहाची एक बटरफ्लायही आहे, सहाशे म्हणतो. जास्तीचा कोपरा उलगडला तर त्यावर शेजारच्या नोटेची छपाई सलग पुढे जाताना दिसते. ती घेऊ का?

जुनी_गड्डी:
छपाई सलग आहे आणि दुमडीची रेघ जुनी, घट्ट बसलेली आहे, तर चांगलं लक्षण. कात्रीने कापून चिकटवलेल्या कोपऱ्यात हे जुळवणं कठीण. जोडावर यूव्ही फिरवा, गोंद असेल तर बहुधा चमकेल. कोपरा सारखा उघडझाप करू नका, तिथेच फाटतो. भाव मात्र थोडा पाडा, सहाशे जास्तच वाटतात.

घेतलीत तर पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात ते प्लास्टिक चिकट होतं आणि छपाईला धरतं. पॉलिएस्टरची पाकिटं मागवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, आणि घडी घालवायला इस्त्री तर मुळीच नको.

मूळ धागाकर्ता:
इस्त्रीचं बरं सांगितलंत काका, घरी तसा प्रस्ताव आला होता. उद्या दुकानात जातो, बटरफ्लायचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि जोडाचा यूव्ही फोटो इथेच टाकतो.