ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला शेतीची सूट कुठवर?

शिवारकर :
केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहन मानला आहे. त्यामुळे मालट्रकला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी जे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते ट्रॅक्टरला लागत नाही. एकदा पासिंग झाले की पंधरा वर्षे त्याचे ब्रेक कोणी पाहत नाही. नांगरट करणे, वैरण गोठ्यापर्यंत आणणे यासाठी ही सूट रास्तच आहे. पण हंगामात तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याचा ऊस भाड्याने ओढतो, तेव्हा ते शेतीचे काम राहत नाही. माल वाहणारा ट्रॅक्टर-ट्रेलर हे परिवहन वाहनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नटवर पारीख प्रकरणात स्पष्ट केले आहे. सवलत यंत्राला नव्हे, कामाला असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.
गेल्या हंगामात आमच्या वळणावर पंक्चर झालेली भरली ट्रॉली दगडांवर टेकवून चालक ट्रॅक्टर घेऊन निघून गेला होता. मागे रिफ्लेक्टर होता, पण वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्यावर लोंबत होते. मोटारसायकलवरून मी दहा पावलांवर येईपर्यंत मला ती दिसली नाही.

ओढणीवाला :
मी स्वतः ऊस ओढतो, म्हणून थोडे कडवट लिहितो आहे. योग्यता तपासणीला जायचे म्हणजे ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या तालुक्याबाहेर न्यायच्या, एक-दोन खेपा बुडवायच्या, आणि ऊसतोड टोळीला आगाऊ दिलेली उचल मात्र अंगावर चालूच. हा खर्च वाढला की ओढणीचा दर वाढणार, आणि तोडणी-ओढणीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच वजा होतो. म्हणजे ज्याच्या नावाने आपण सूट मागतो, त्याच शेतकऱ्याच्या खिशाला चाट बसणार.
इंधनाचा न्याय तर आणखी अजब आहे. मच्छीमार बोटींना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. आम्ही नांगरट केली काय किंवा ऊस ओढला काय, डिझेलवर मोटारगाडीवाल्याइतकाच कर भरतो. डिझेल घेताना आम्ही शेतकरी नाही, आणि तपासणीच्या वेळीही शेतकरी नाही, तर मग आम्ही शेतकरी नेमके केव्हा?

काटेवाडीकर :
परताव्याची तुलना फसवी आहे. बोटीच्या टाकीतले डिझेल समुद्रातच जळते; ट्रॅक्टरची टाकी मात्र एकच, सकाळी रोटाव्हेटर आणि रात्री ट्रॉली. ब्रिटनमध्ये शेतीचे कमी कराचे डिझेल लाल रंगाने रंगवतात आणि रस्त्यावर टाकी तपासतात. तरीही २०२२ च्या एप्रिलपासून तिथे बांधकामासारख्या अनेक धंद्यांची ती सवलत काढून घ्यावी लागली. इथे भाड्याची खेप आणि घरची खेप वेगळी कोण करणार?
धुराबाबतही सूट आहेच. ट्रकना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराची कडक मर्यादा लागली, तर ट्रॅक्टरच्या धूर-मर्यादांचा चौथा टप्पा १ जानेवारी २०२३ पासून आणि तोही ५० अश्वशक्तीच्या वरच्यांनाच लागू झाला. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतलेच आहेत. एवढे मिळत असताना ब्रेक तपासायला हरकत घेणे मला पटत नाही. रोलर आणि खोदकामाची यंत्रेही बिगर-परिवहन आहेत, पण त्यांचे रस्त्यावरून जाणे जागा बदलण्यापुरते असते; ती या वादात ओढू नयेत.

ओढणीवाला :
ब्रेक तपासायला माझी हरकत नाही. आमच्याकडच्या ट्रॉल्या गावच्या वेल्डिंगवाल्याने बांधलेल्या असतात आणि बहुतेकींना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण कारखान्याच्या गाडीतळावर आम्ही वजनकाट्याची पाळी येईपर्यंत तासन्‌तास उभे असतो. निरीक्षकाने तिथे यावे, दिव्याची वायर, हुकाची पिन आणि टायर पाहावेत, आणि ज्याची ट्रॉली नापास होईल त्याला पुढची खेप मिळू नये. कारखान्याने तपासणीचे पैसे वाहनमालकाकडून न घेता स्वतः भरावेत, एवढे लिहून दिले तर पहिली ट्रॉली माझी तपासा.

शिवारकर :
गाडीतळावर चालेल. फक्त तपासणी हंगामाच्या आधी व्हावी. गव्हाणीसमोर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, भरलेली ट्रॉली नापास झाली, तर त्यातला ऊस वाळेल, आणि वजनातली घट तुमच्या नव्हे, शेतकऱ्याच्या बिलात दिसेल.