शाळेतील संगणक आणि इंटरनेट यांची पाहणी कशी करावी?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
नमस्कार. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दप्तरी १० संगणक आहेत व ६ सुरू होतात. परंतु सुरू होणे आणि मुलांच्या उपयोगी पडणे यांत किती अंतर आहे, हे मी रोज पाहते. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत माहिती भरण्यापूर्वी, शाळा व्यवस्थापन समितीपुढेही ठेवता येईल अशी पाहणी करायची आहे. काय तपासावे?

उत्तर (संगणक दुरुस्ती, वर्धा)
मॅडम, प्रत्येक संगणकावर मुलांना पूर्ण तासिका काम करू द्या आणि तो किती वेळा अडला ते लिहा. विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने जानेवारी २०२० मध्येच थांबली, म्हणून प्रणालीची आवृत्तीही नोंदवा. तारीख मागे गेलेली दिसली, तर बहुधा आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकल्यामुळे संकेतस्थळे उघडत नाहीत आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देतो.

उत्तर (मुख्याध्यापक, गडचिरोली जिल्हा)
इंटरनेटचा वेग सकाळी रिकाम्या खोलीत मोजू नये. सर्व संगणक जोडलेले असताना, आठवडाभर, तासिकेच्या वेळीच मोजावा. भारतनेट या गावोगावी इंटरनेट पोहोचवणाऱ्या सरकारी योजनेची जोडणी ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणजे ती शाळेत आली असे होत नाही. वीज किती वेळ गेली, याचीही वही ठेवा. आमच्याकडे खरी अडचण तिथेच निघाली.

शिक्षिका
मनःपूर्वक आभार. आजच पाहिले, दोन संगणकांवर तारीख २००९ सालची होती.