संभाजीनगरात दोन रात्रींचा मुक्काम: जालना रोड की स्टेशन परिसर?

प्रश्न:
कंपनीच्या कामासाठी नांदेडहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला येऊन मला सोमवारी आणि मंगळवारी सकाळी वाळूज एमआयडीसीत पोहोचायचे आहे. जालना रोडवरच्या हॉटेलात उतरणे योग्य ठरेल का? मंगळवारी दुपारनंतर वेरूळ पाहण्याची मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद १:
जालना रोड चिकलठाणा विमानतळाच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला आहे आणि वाळूज पश्चिमेला. त्यामुळे रोज सकाळी शहर ओलांडून नगर नाक्याच्या गर्दीतून जावे लागेल. आपण रेल्वेनेच येत आहात, तेव्हा स्टेशन परिसरात उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली मात्र रस्त्याच्या बाजूची घेऊ नये.

प्रतिसाद २:
मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात (अजिंठा सोमवारी). शक्य असल्यास रविवारी सकाळीच यावे. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, आणि लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यावर पडणारे ऊन डोळे भरून पाहण्यासारखे असते.

प्रतिसाद ३:
रविवारी लवकर येणार असाल, तर खोलीचा हिशोब चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराचा, हे फोनवरच विचारून घ्यावे. मी एकदा पहाटे पाचला पोहोचलो आणि बारापर्यंत खोली न मिळाल्याने बॅग मांडीवर घेऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहिलो. त्याच अवस्थेत पुढे बैठकीला जावे लागले, याचे आजही वाईट वाटते. बिल कंपनीच्या नावाने हवे असल्यास जीएसटी क्रमांक आरक्षणाच्या वेळीच द्यावा.