काविळीसाठी निळा दिवा: ऊन दाखवून भागणार नाही का?

प्रश्न: बाळ दिव्याखाली आहे. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी. ती सरकली की जीव कासावीस होतो. घरचे म्हणतात, कोवळं ऊन पुरे. खरंच?

उत्तर: नाही हो. मी नवजात विभागात नर्स आहे. उन्हाचा नेम नसतो, शिवाय बाळ भाजतं किंवा गारठतं. दिव्याचा प्रकाश निळा, ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याने त्वचेतल्या बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणाऱ्या द्रव्याची, रचना बदलते. यकृताने प्रक्रिया न करताही ते शी-शूतून बाहेर पडतं. म्हणून अंग उघडं हवं. पट्टी सरकली तर लगेच हाक मारा, संकोच कसला!

प्रश्नकर्ती: पाजायला बाहेर काढू?

उत्तर: डॉक्टरांना विचारून, जरूर. दूध थांबवू नका. शी पातळ, हिरवट होईल, घाबरू नका. कावीळ उतरली का, यासाठी त्वचेच्या रंगावर मात्र विसंबू नका. दिव्याखाली त्वचा उजळ दिसते, रक्ततपासणीच खरी.