घरात एकच पीसी: पप्पांचं टॅली, ताईचं रेंडरिंग आणि माझं गेमिंग, एक लाखात काय घेऊ?

मिरजेचा_गेमर
नमस्कार मंडळी, घरात एकच डेस्कटॉप घ्यायचाय आणि तो तिघांना पुरला पाहिजे. पप्पांचं टॅली आणि जीएसटीचं काम, ताई आर्किटेक्चरला आहे तिचं ऑटोकॅड, स्केचअप आणि आता ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) पण सुरू झालंय, आणि रात्री मी गेम खेळणार, व्हॅलोरंट तर रोजचंच, सुट्टीत जीटीए, सायबरपंक असले मोठे गेम. बजेट एक लाख, मॉनिटर सोडून (तो घेऊन झालाय, २४ इंची फुल एचडी, १६५ हर्ट्झ). इथल्या एका दुकानातून कोटेशन आणलंय, त्यात लिहिलंय 'आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, कॅबिनेट विथ ५०० वॅट एसएमपीएस' आणि निम्म्या पैशात देतो म्हणतायत. पप्पा म्हणतात आय७ आहे म्हणजे भारीच असणार, उगाच जास्त पैसे कशाला. काय करू सांगा ना.

जोडारी_पुणे
भावा, आधी त्यांना विचार आय७ कुठला, पूर्ण नंबर लिहून घे. एवढ्या कमी पैशात नवा आय७ बसतच नाही, बहुतेक चौथ्या जनरेशनचा असणार, म्हणजे २०१३ चा माल, फक्त बोर्ड नवीन. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग ज्या मशीनवर पप्पा बँक आणि जीएसटीचं लॉगिन करणार ते असं उघडं ठेवायचं का? तुझं व्हॅलोरंट पण विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) असल्याशिवाय चालूच होत नाही. पप्पांना एवढंच दाखव, पटेल.

माझं ऐकशील तर एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर घे, ६ कोअर १२ थ्रेड, कूलर बॉक्समध्येच येतो. ७५००एफ थोडा स्वस्त मिळेल पण त्यात आतलं ग्राफिक्स नाही, आणि तुमच्या घरात हीच गोष्ट महत्त्वाची आहे. उद्या ग्राफिक कार्ड बिघडून सर्व्हिस सेंटरला गेलं तर ते परत यायला कित्येकदा आठवडे लागतात, तेवढे दिवस पप्पांचं टॅली बंद ठेवणार का? ७६०० असेल तर केबल मदरबोर्डला लावायची आणि काम चालू. मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, रॅमचे चार स्लॉट असलेला. एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ ला आलं आणि एएमडीने २०२७ पर्यंत तरी चालवणार असं सांगितलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), ५१२ मध्ये दोन-तीन मोठे गेम टाकले की ताईच्या फायलींना जागा उरणार नाही. आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे, वॉरंटीला तोच लागतो.

गिलावा_आणि_रेंडर
मी आर्किटेक्ट आहे, ताईच्या बाजूने बोलते. ऑटोकॅड आणि स्केचअपला खूप कोअर लागत नाहीत, ७६०० भरपूर झाला. खरा फरक ब्लेंडरला पडतो आणि तिथे एनव्हिडियाचंच कार्ड घ्या, त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे सायकल्सचं (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडर बरंच लवकर होतं. फक्त गेमिंगच असतं तर मी एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी कार्ड घ्या म्हटलं असतं. आता प्रश्न कार्डाच्या मेमरीचा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी आहे, ५०६० टीआय ८ मध्ये पण येतं आणि १६ मध्ये पण, नाव तेच, खोक्यावर नीट बघून घ्या. कॉलेजचे सीन झाडं, फर्निचर, मोठी टेक्स्चर टाकत टाकत असे फुगतात की ८ जीबी कधी भरली कळत नाही, आणि एकदा भरली की रेंडर एकतर रांगतं नाहीतर एरर देऊन बंद पडतं, ते पण सबमिशनच्या आदल्या रात्री. त्यामुळे ओढूनताणून बसत असेल तर १६ वालं टीआय घ्या. नाहीच बसलं तर साधं ५०६०, फुल एचडी गेमिंगला ते व्यवस्थित आहे, पण मग ताईला सीन हलका ठेवायची सवय लावावी लागेल.

रॅम खरं तर ३२ पाहिजे. पण २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे डीडीआर५ रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा आत्ता १६ वर भागवा आणि भाव उतरले की वाढवा.

फेज_न्यूट्रल
सगळे कार्डावर बोलतायत, एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) कोणीच नाही! कॅबिनेटबरोबर जो '५०० वॅट' फुकट येतो त्याचा स्टिकर वाच. +१२ व्होल्टच्या खाली ॲम्पियर लिहिलेले असतात, त्याला १२ ने गुण. मी १८ ॲम्पियर लिहिलेले पण बघितलेत, म्हणजे २१६ वॅट, आणि प्रोसेसर, कार्ड सगळं त्याच लाइनवर चालतं. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर ५४ ॲम्पियर असतात. कार्ड दोन-चार वर्षांनी बदलशील, हा पुढच्या मशीनला पण चालेल, त्यामुळे इथे अजिबात कंजूषी करू नको. कॅबिनेट पुढून जाळीचं घे, काचेचं पुढचं तोंड असलेलं नको, आपल्याकडचा एप्रिल-मे आठव.

दुसरं म्हणजे मशीन आणायच्या आधी घरातलं अर्थिंग तपासून घे. वायरमनला सांग मल्टिमीटर लावायला, फेज-अर्थिंग २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, त्या बहुतेक वेळा अर्थिंग नसल्यामुळेच, आणि लोक पीसीला दोष देतात. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे फक्त ३६० वॅट, टॅलीला ठीक पण गेम चालू असताना लाईट गेली तर ताण येईल, १००० व्हीए बघ. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं का बघ, ते चालू केलं तर लाईट गेल्यावर पीसी बंद पडत नाही.

मिरजेचा_गेमर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दुकानात विचारलं, आय७-४७७० निघाला, पप्पांनीच कोटेशन परत दिलं. ७६००, बी६५०, १ टीबी, ६५० वॅट असं ठरतंय. ५०६० टीआय १६ जीबी बसवायचं तर रॅमची १६ ची एकच काडी घ्यावी लागेल, ८-८ च्या दोन नको ना?

जोडारी_पुणे
एकच घे, ६००० स्पीडची. एकाच काडीमुळे (सिंगल चॅनल) व्हॅलोरंटमध्ये थोडे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी दिसतील पण नंतर तशीच दुसरी टाकून ३२ होतील. ८-८ घेतल्या तर पुढे चार काड्या होतात आणि डीडीआर५ चार काड्यांवर वेग पाडतं. जोडल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबू नको. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो चालू कर, त्याने रॅम पूर्ण स्पीडवर चालते, विंडोजमध्ये १६५ हर्ट्झ निवड, नाहीतर ६० वरच चालत राहील. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लाव, मदरबोर्डच्या पोर्टात लावली तरी चित्र येतं त्यामुळे लक्षातच येत नाही की कार्ड नुसतं बसून आहे.